पळी किती उंच धरायची

भाऊजी,

काल धरमपेठेत तुमची शोकसभा झाली. ज्या हॉलमध्ये एरवी हळदीकुंकू आणि पाककलेच्या स्पर्धा होतात, त्याच हॉलमध्ये. टेबलावर तुमचा कफनीतला फोटो ठेवला होता. ती कफनी ताईनं घरी बादलीत रंगवली होती आणि रंग भगवा न होता पिकायला लागलेल्या पपईसारखा झाला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फोटो काळा-पांढरा, म्हणून अब्रू वाचली.

पाच जण बोलले. तिघांनी तुम्हाला 'दोन धर्मांमधला सेतू' म्हटलं. चौथ्याची पंचाईत झाली, त्यानं 'संगम' म्हटलं. पाचवे तुमच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. ते नागपूरच्या मे महिन्यात सूट घालून आले होते आणि घामानं निथळत होते. त्यांनी 'भास्करराव' एवढं एकदा म्हटलं आणि झटपट प्रार्थना आटोपली. तुमच्या आश्रमाला ते कायम 'ती जागा' म्हणायचे, कालही तेच म्हणाले. मग कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. तीस वर्षं तुमची टर उडवलेला तुमचा मेहुणा उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "भाऊजींच्या जाण्यानं एक पोकळी निर्माण झाली आहे." खाली बसलो तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी पाटीवर चुकीची बेरीज लिहिली की ती अशीच पाहायची.

पोकळी! तुम्ही असता तर त्या पपई रंगाच्या बाहीत तोंड खुपसून हसला असतात. म्हणून आज संध्याकाळी हे लिहायला बसलोय. काल जे बोललो ते धुऊन काढायचं आहे. आणि आज सकाळी एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची आहे. दुसऱ्या कोणाला सांगून तिचा उपयोग नाही.

सेतू तर तुम्ही नव्हतातच. सेतूवरून माणसं ये-जा करतात. तुमच्यावरून कोण गेलं? आमच्याकडून तिकडे कोणी गेलं नाही, तिकडून इकडे कोणी आलं नाही. दोन्ही काठांवरचे लोक तुमच्याकडे बघून हसले तेवढे, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मी.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात ते ताईशी रजिस्टर लग्न करूनच. अण्णा देवघरात जाऊन बसले आणि आतून कडी लावली. आई रडत होती, पण मधूनमधून दाराच्या फटीतून जावई दिसतो कसा तेही बघत होती. तुम्ही ओट्यावर उकिडवे नव्हे, चक्क मांडी घालून बसलात. आईनं मला पाणी नेऊन द्यायला सांगितलं. आधी तिनं पितळी पेला काढला. मग तो परत ठेवला आणि काचेचा ग्लास माझ्या हातात दिला. काच विटाळत नाही, अशी तिची समजूत. तो ग्लास तुम्ही घेतलात, मान मागे टाकलीत आणि तोंड न लावता वरून धार धरून घटाघटा प्यालात. एक थेंब सांडला नाही. आई धावत देवघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "अहो, वरून पितात!"

कडी निघाली. अण्णा बाहेर आले.

हा आमचा धर्म, भाऊजी. तीन हजार वर्षांचं तत्त्वज्ञान एका बाजूला आणि जावई पाणी कसं पितो ते एका बाजूला. तुम्ही मात्र त्या कडी निघण्याचा अर्थ भलताच घेतलात. तुम्हाला वाटलं, दार उघडलं. दार वगैरे काही उघडलं नव्हतं. तो काचेचा ग्लास पुढे कायम खिडकीत वेगळा राहिला. आई गेल्यावरही माझ्या बायकोनं तो तिथेच ठेवला आणि मीही हलवला नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

वरून प्यायला तुम्हाला तुमच्या आजोबांनी शिकवलं होतं. ते नागपूरच्या महाल भागातलं वैदिक घराणं सोडून ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावांनी ते जिवंत असताना त्यांचं घटश्राद्ध केलं. मडकं फोडून मोकळे झाले. आजोबांनी जानवं काढलं, शेंडी काढली, मिशनच्या बंगल्यात टेबलावर जेवले, पण पाणी मरेपर्यंत वरूनच प्यायले. हे तुम्ही मला डोळे ओले करून सांगितलं होतंत. मी काय म्हणालो होतो? म्हणालो, "म्हणजे आजोबांनी जे उकिरड्यावर टाकलं ते तुम्ही वेचत फिरताय." तुम्ही रागावला नाहीत. तुमची ती न रागावण्याची सवय मला फार डाचायची. भांडायला आलेल्या माणसाला चहा देतात तसे तुम्ही हसायचात.

मग चीनच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी तुम्ही मास्तरकी सोडलीत आणि कळमेश्वरच्या अलीकडे माळावर आश्रम काढलात. मी तिथे पहिल्यांदा आलो त्या दिवसाचं वर्णन मी आमच्या घरी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नकार्यात करून दाखवायचो. कौलारू प्रार्थनामंदिर. आत बाकं नाहीत, चटया. लाकडी क्रूसाला झेंडूची माळ, पुढे समई. हार्मोनियम हद्दपार, कारण ते परदेशी म्हणे. त्याच्या जागी एकतारी, जी तुमच्यापैकी कोणालाच वाजवता येत नव्हती. स्वयंपाकात कांदा-लसूण बंद. परदेशी पाहुणे यायचे, उन्हानं लालबुंद झालेले. मांडी जमायची नाही, अर्ध्या तासात पाय लांब करायचे आणि मग ताईला विचारायचे की इथे मौन किती वाजेपर्यंत असतं. आमच्या ताईला! जिनं झोप सोडून दहा मिनिटं मौन पाळलेलं मला माहीत नाही.

मला हे सगळं ढोंग वाटायचं. अजूनही वाटतं. मेलेल्या माणसाशी खोटं बोलायला मी काही काल भाषण करणाऱ्यांपैकी नाही... म्हणजे आहे, पण आज नाही. भारतीय अध्यात्म, भारतीय अध्यात्म म्हणून तुम्ही जे जे काही गोळा केलं होतंत ते सगळं आमच्याच आळीतलं होतं. आमचं सोवळं, आमचं संस्कृत, आमची पळी, आमचं बिनकांद्याचं वरण. जणू हिंदुस्थानात दुसरं कोणी राहतच नव्हतं.

आश्रमाच्या मागच्या वस्तीत सात-आठ ख्रिस्ती घरं होती. रविवारची उपासना खरं म्हणजे त्यांच्यासाठी. त्यात राहेलबाई. मिशनच्या दवाखान्यात दाई होती ती, तुम्ही आश्रम काढलात तेव्हा नुकतीच कामावरून निवृत्त झालेली. त्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, त्यामुळे ती कोणालाही काहीही बोलू शकायची. पहिल्याच आठवड्यात तिनं तुमच्या पानातलं वरण बोटानं चाखलं आणि म्हणाली, "साहेब, येशूनं मासोया खाल्ल्या, अन् तुमी आमाले कांदा बी खाऊ देत नाही. हे कोनतं शुभवर्तमान व्हय?"

तुम्ही हसलात. मी तर जमिनीवर लोळायचा बाकी होतो. त्या दिवसापासून ती माझी आवडती झाली. तिच्या वस्तीतले बरेच जण छप्पन साली बौद्ध झाले होते, तिचा पुतण्याही. तो तिला चिडवायचा, "काकू, तू येशूपाशी अडकली, आमच्यासंग याले पायजे होतं." ती म्हणायची, "तुह्याकडं प्याला हाय का? नाही ना? मंग चूप राह्य."

प्याल्याची गोष्ट तिनं मला स्वतः सांगितली होती. तुमच्या प्रभुभोजनात भाकर मोडून वाटतात आणि द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत फिरतो. तिच्या आजानं पहिल्यांदा तो प्याला तोंडाला लावला आणि त्याच्यानंतर गोऱ्या पाद्र्यानं तोच प्याला, न पुसता, आपल्या तोंडाला लावला. आजा तिथेच बसून रडला. "बस, त्याच्यासाठी झालो आमी ख्रिस्ती," ती म्हणाली. "बाकीचं मंग हळूहळू समजलं."

ही गोष्ट मला ठाऊक होती, भाऊजी. हे लक्षात ठेवा. मला ठाऊक होती.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या ओट्यावर आलात. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही म्हणालात, "बाळासाहेब, तुमच्याकडे तीर्थ कसं देतात ते मला नीट दाखवा. प्याला फिरवण्याची पद्धत पश्चिमेकडची वाटते. आपल्या मातीतलं काहीतरी हवं."

आपल्या मातीतलं! मी कचेरीतला हेडक्लार्क. मला आयुष्यात कोणी कशाचं ज्ञान मागितलं नव्हतं. रजेचा अर्ज कसा लिहावा एवढंच लोक विचारायचे. मी आतून अण्णांचं पंचपात्र आणि पळी आणली आणि अशा थाटात बसलो की चार वेद मला दुपारच्या झोपेत पाठ होतात. उजवा तळहात असा, गायीच्या कानासारखा. डावा खाली. पळी चार बोटं वर. स्पर्श होऊ द्यायचा नाही, त्यात शुचिता आहे. शुचिता हा शब्द मी त्याआधी कधी वापरला नव्हता, नंतरही नाही.

तुम्ही सगळं वहीत लिहून घेतलंत. मग पेन मिटून विचारलंत, "यात कोणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही ना?"

"छे हो," मी म्हणालो. "सगळ्यांना सारखंच देतात."

नाताळनंतरच्या रविवारी मी मुद्दाम आलो, मजा बघायला. मंडळी चटईवर ओळीनं बसली होती. पुढे राहेलबाई, तिच्या शेजारी एक दाढीवाले पाहुणे, मग ताई, मी भिंतीशी. तुम्ही पळी-पंचपात्र घेऊन आलात. तुमचे गुडघे तेव्हाच गेले होते. तुम्हाला वाकता येईना. सहा फूट माणूस, उभ्यानं, हातभर उंचीवरून तुम्ही धार धरलीत. दाढीवाल्यांच्या ओंजळीत निम्मा द्राक्षारस पडला, निम्मा दाढीत. मी ओठ चावून हसू दाबत होतो.

आणि पळी राहेलबाईवर आली. तिनं सवयीनं ओठ पुढे केले होते. तुम्ही हळूच म्हणालात, "ओंजळ करा."

ती धार मी ओळखली. तिच्याआधी ओळखली. आमच्याकडे सत्यनारायण झाला की ओट्यावर आणि माजघरात अण्णा तीर्थ द्यायचे, चार बोटांवरून. शेवटी आई पंचपात्र घेऊन मागच्या दाराशी जायची. तिथे अंगण आणि मोरी झाडणारी बाई पायरीच्या खाली ओंजळ करून उभी असायची. आई पळी खांद्याएवढी वर न्यायची आणि सोडायची. तीर्थ तिच्या हातावर आपटायचं, उडायचं. उडालेलं पायरीवर आलं तर आई नंतर तिथे पाणी टाकायची. एकाच पळीच्या दोन उंच्या होत्या आमच्याकडे. हे मी दर पौर्णिमेला पाहत मोठा झालो होतो आणि तुम्हाला म्हणालो होतो, सगळ्यांना सारखंच.

राहेलबाईनं ओंजळ केली. तुम्ही धार सोडलीत. तिनं बोटं थोडी फाकवली, सगळा द्राक्षारस चटईवर जाऊ दिला. मग पदराला हात पुसत उठली.

"साहेब," ती म्हणाली, "असं पानी माह्या आज्याले भेटे. पाटलाच्या वाड्यावर. असंच, वरून." आवाज चढवला नाही तिनं. "तवाच तं आमी तो वाडा सोडला. अन् तुमी आमाले फिरून तठीच घेऊन चालले?"

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्हाला समजलंच नव्हतं. तुम्ही खरंच विचार करत होता की काय चुकलं, मंत्र की हात. तिनं पायताणं घातली आणि गेली. तिच्या मागोमाग वस्तीतले सगळे गेले. उरलो आपण: तुम्ही, ताई, मी, दाढीवाले आणि त्यांची दाढी.

मी खाली मान घालून बसलो. एवढंच बोलायचं होतं की राहेलबाई, चूक माझी. नाही बोललो.

वस्तीतले लोक पुढे एकेक करून परत आले. कोणाला मुलाची शाळा होती, कोणाला सणाचं जेवण. राहेलबाई आली नाही. आणि तुम्ही पळी सोडली नाहीत.

त्यावरून आपण आठ-नऊ वर्षं भांडलो. तुम्ही म्हणायचात, "रूप एक असतं, अर्थ दुसरा. मी तिला तिरस्कारानं दिलं का?" मी म्हणायचो, "हे रूप-अर्थ तुमच्या दाढीवाल्यांना सांगा. तुम्ही जन्मानं एका घरातून निघालात, मनानं दुसऱ्यातून निघाला नाहीत. तुम्हाला ख्रिस्त हवा, पण तो सोवळ्यातला." काय तावातावानं बोलायचो मी! ऐकणाऱ्याला वाटावं, हा राहेलबाईचा वकील. एकदा तर ताईच्या हातून पोळीचा उंडा घेऊन परातीत आपटला आणि म्हणालो, "तुमचा आश्रम म्हणजे आमच्या मागच्या दाराची नक्कल आहे." तुम्ही चमकून विचारलंत, "मागच्या दाराची म्हणजे?" मी विषय बदलला. कळमन्याच्या बाजारात संत्री किती उतरली यावर बोलू लागलो. मला संत्र्यांतलं काही कळत नाही.

ताई वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघंही तोंड बंद करा. एकानं जाऊन तिच्या पाया पडा, झालं."

रविवारची उपासना संपली की झोळी घ्यायचात आणि ऐन बारा वाजता, उन्हात, एकटेच बाहेर पडायचात. दीड-दोनला परत. पाहुण्यांना सांगितलेलं असायचं की ही तुमची एकांताची वेळ. त्यांना फार भारावल्यासारखं व्हायचं. मी त्याचं नाव ठेवलं होतं 'मध्यान्हीचं तप'. धरमपेठेत पानाच्या ठेल्यावर मी तुमची ती चाल करून दाखवायचो, झोळी सावरत, गुडघा ओढत. लोक हसायचे.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तुम्ही मला जवळ बोलावलंत. बोलवत नव्हतं तुम्हाला. मला वाटलं, ताईला सांभाळा म्हणणार. तुम्ही म्हणालात, "बाळासाहेब, तुमच्याकडे... पळी किती उंच धरायचे?"

मी तुमच्या पांघरुणाची घडी सारखी करत म्हणालो, "आठवत नाही हो आता."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग डोळे मिटलेत. त्यानंतर आपण बोललो नाही.

आज सकाळी ताई म्हणाली, "राहेलबाईचा निरोप आलाय. वाटी घेऊन जा म्हणते."

"कसली वाटी?"

"तू जा तर."

एस.टी.नं उतरून वस्तीत गेलो. राहेलबाई दारात बाजेवर बसली होती. ऐंशीच्या घरात असेल आता. डोळे गेलेत जवळजवळ, आवाज तसाच. मी म्हटलं, "काल सभेला दिसला नाहीत."

"कोनती सभा?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं. सेतू, संगम, पोकळी, सगळं जमवलं आम्ही आणि हिला कळवलं नाही.

"मातीले आली होती मी," ती म्हणाली. "बस झालं. बस, भाऊ." मग मला तिथेच पायाशी बसवून तिनं सांगितलं.

"दर इतवारी ये तो. बारा-साडेबाराले. पैल्या वर्षी मी दार नाही उघडलं. समोरच्या निंबाखाली बसे अन् जाय. पावसात बी. मंग एक दिवस मलेच लाज वाटली, म्हटलं ये गा अंदर. तं म्हने, राहेलबाई, तुमची वाटी द्या. माही, रोज जेवाची वाटी. त्यानं झोयीतून भाकर काहाडली, मोडली. वाटीत रस वतला. मले देल्ला. मी पेले. मंग तो पेला, तोंड लावून." ती हसायला लागली. दात नाहीत, तोंडभर हसली. "त्याले येतच नव्हतं गा! येवढा मोठा मानूस, अन् तोंड लावून पेताच ये ना. ठसका लागला. हनवटीवर, कपड्यावर. मी पाठ थोपटली त्याची. म्हटलं, भास्कर, हळू. लेकरू बरं पेते."

भास्कर म्हणाली ती. साहेब कुठल्या रविवारी गळून पडला, मी विचारलं नाही.

मला राग आला, भाऊजी. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. मी आठ वर्षं ज्या माणसाशी भांडत होतो त्यानं आतल्या आत केव्हाच हार मानली होती आणि मला कळवलंही नाही! मी म्हटलं, "मग आश्रमात का नाही दिलं असं? सगळ्यांसमोर?"

"म्या बी इचारलं. म्हने, भेव वाटते, राहेलबाई. ट्रस्टी हायेत, पाहुने हायेत, ते पयीसाठीच येतात. म्हटलं, ठीक हाय बापा, भेव वाटते तं वाटू दे. पन इतवार चुकवू नोको. नाही चुकवला."

भित्रे होतात तुम्ही. पाहुण्यांसमोर पळी आणि उन्हात वाटी. लोक वाईट गोष्टी चोरून करतात. तुम्ही तुमच्या उभ्या आयुष्यातली एकच बरी गोष्ट चोरून केलीत. आता तो आश्रम ट्रस्टी चालवतील, पळी काचेच्या कपाटात ठेवतील, खाली तुमचं नाव लिहितील. तुम्ही एकदा, एकाच रविवारी, दाढ्यांसमोर ती वाटी काढली असती तर निम्मे पाहुणे पळाले असते आणि मी तुमच्या पाया पडलो असतो. बहुतेक पडलो नसतो. पण टर उडवायला मला काही उरलं नसतं.

तुम्हाला भित्रा म्हणणारा कोण, हेही लक्षात आलं मग. मी म्हटलं, "राहेलबाई, पळी मी शिकवली होती त्यांना."

"मालूम हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. तो तं मरेलोक म्हने, माहीच चूक. मीच इचारलं. बाळासाहेबाच्या घरचंच असन, म्हटलं, तं बोलेच ना." ती माझ्या दिशेनं वळली. "पन त्या दिवशी तू भितीपाशी खाली मुंडकं घालून बसला होता ना? ज्याले काही मालूम नसते तो वर पायते. बाकीचे सारे वरच पाहून राहिले होते."

मग मी तिला मागच्या दाराचं सांगितलं. चार बोटं आणि हातभर. आई, पायरी, उडालेलं तीर्थ, नंतर टाकलेलं पाणी. पहिल्यांदाच कोणाला तरी. तुम्ही ओट्यावर विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही दवाखान्यात विचारलंत तेव्हा तरी. तुम्हाला उत्तर माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं, असं मला आता वाटतं. तिनं सगळं ऐकलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "ऊन झालं. पानी पे."

आत गेली, चाचपडत. माठातून बुडवून वाटी घेऊन आली. ॲल्युमिनियमची, आपण जर्मनची म्हणतो ती, जुनी, काठ चेपलेला. मी घेतली, आणि आईशपथ सांगतो, मनात काही नव्हतं, निव्वळ हाताची सवय, मी मान मागे टाकली आणि वाटी वर नेली.

सगळं पाणी सदऱ्यावर.

राहेलबाईला दिसत नाही, पण आवाज ऐकू आला. ती बाजेवर थाप मारून हसली. "वाटीनं वरून नाही पेता येत, बापा! भास्कर बी पैल्यांदा तसाच करे. थांब."

पुन्हा बुडवून आणली. यावेळी तिनं ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः दोन घोट प्याली आणि मग पुढे केली.

"लाव तोंड."

लावलं. ठसका लागला नाही. पाणी गार होतं. वाटीचा काठ एका जागी चेपून आत वळलाय, तो बरोबर खालच्या ओठात रुततो. तुमच्याही रुतत असेल, दर रविवारी.

वाटी मी आणलेली नाही. तिची आहे. पण परवा रविवार आहे, भाऊजी, आणि ती मला म्हणाली, बाराच्या आत ये, उन्हाचा नको येऊ, त्याच्यासारखा.